कच्चेकाकांचं घरचं बिल्ड

आमच्या काकांना बिल्डिंगमध्ये सगळे कच्चेकाका म्हणतात. मागे नाही, तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचं भूषण वाटतं ही आणखी एक गंमत. नाव पडायचं कारण सरळ आहे. तयार वस्तू घरात आणायची म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या पडतात. कच्चा माल आणायचा आणि घरी करायचं, हा यांचा बाणा. साबण घरी. चपलांचे तळवे घरी. एकदा छत्रीसुद्धा घरी केली होती. ती उघडायची झकास, मिटायची मात्र नाही. त्यामुळे काकांना तिच्यासकट बसमध्ये चढता येईना, आणि ते सगळा रस्ता पायी तुडवत घरी आले. दारात उभे राहून वर आम्हालाच विचारलं, की भिजलो का सांगा.

आयुष्यभर त्यांनी लिफ्टदुरुस्ती केली. लिफ्ट अडकली की आतली माणसं बोंब मारायची आणि काका वरच्या मशीनच्या खोलीत शांतपणे एकेक झाकण उघडत बसायचे. तिथेच ही खोड लागली असणार. बंद झाकण दिसलं की यांचे हात शिवशिवतात. आत काय आहे हे कळल्याशिवाय यांना घास गोड लागत नाही.

मी त्यांची पुतणी. वरच्या मजल्यावर राहते आणि खालच्या मजल्यावर, म्हणजे त्यांच्याकडे, जेवते. ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला की लोक ज्या बाईला फोन करून तिच्यावर खेकसतात, ती बाई मी. त्यामुळे घरातल्या कॉम्प्युटरला साधी शिंक आली तरी पहिला संशय माझ्यावर. तर या सगळ्या प्रकरणात मी दोन्ही बाजूंनी होते हे आत्ताच सांगून टाकते. मला त्याची लाज नाही.

आता काकू. काकू चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या नाकावर तयार फ्रेम चढवते, आणि त्या लोकांना बरं दिसतं. ती उंचीने बेताची आणि जिभेने चांगली उंच. तिच्या स्वयंपाकघराची मात्र दैना होती. ओट्याच्या वर आधीच्या मालकाने ठोकलेली एक फळी, ती इतकी उंच की तो माणूस बहुधा खांब असावा. खाली नुसते कप्पे, दारं नाहीत, दारांच्या जागी पडदा. 'कपाटं मी घरी करतो' असं काकांनी सांगितलं तेव्हा त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, शाळेत जात होती. आता ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदते, आणि पडदा तसाच. काकू दिवसभर एका स्टुलावर चढायची आणि उतरायची. डबा हवा, चढ. ठेवायचा, चढ. उतरताना दरवेळी काकांकडे एक नजर टाकायची. काका ती नजर चुकवण्यात तरबेज होते.

पडद्याने शेवटी दगा दिला तो जावयांच्या हातून. मागच्या खेपेला जावई पाणी प्यायला उठले, पेला घ्यायला पडदा सरकवला, आणि दांडीसकट सगळा पडदा त्यांच्या अंगावर. पाठोपाठ ताटल्या. ते बिचारे पडद्यात गुंडाळलेले उभे राहून माफी मागत होते, आणि काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तिने ठरवलं, की पुढच्या वेळी ही दोघं येतील तेव्हा माझ्या स्वयंपाकघराला दारं असतील. तिला दुसरं काही नको होतं. पाहुण्यांसमोर मान वर करून उभं राहता यावं, आणि त्या स्टुलावरून एकदाचं उतरता यावं, बस.

दुकानातली तयार कपाटं तिने बघून ठेवली होती. काकांनी कानावर हात ठेवले. आधी नकाशा काढायचा, म्हणाले, नीट, कॉम्प्युटरवर. मग लाकूड आणायचं. हे म्हणजे आणखी काही वर्षांची निश्चिंती. मी चहा पीत होते, आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी म्हणाले, की घराचे नकाशे काढायचा एक चांगला प्रोग्राम आहे, भिंती ओढा, कपाटं लावा, दारं उघडून बघा, सगळं होतं. कुठल्या कंपनीचा नाही, हौशी लोकांनी मिळून केलाय, त्याचा सोर्स कोडही खुला आहे.

काकांनी कप खाली ठेवला. "खुला म्हणजे? आतलं बघता येतं?"

मी हो म्हणाले, आणि म्हणताक्षणी कळलं की माती खाल्ली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामचा कच्चा माल. माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा. तो कंपाइलर नावाच्या गिरणीतून दळून काढला की मशीनला कळणारा प्रोग्राम तयार होतो. याला बिल्ड करणं म्हणतात. हे ज्यांचं काम असतं ते लोक करतात, आणि बाकीचं सगळं जग तयार झालेला प्रोग्राम उतरवून घेऊन कामाला लागतं. बाकीचं जग म्हणजे काका सोडून.

काकूने हे सगळं ऐकलं, स्टुलावरून. मग खाली उतरली आणि काकांसमोर येऊन उभी राहिली. "अहो, एक ठरवू या. ताई आणि जावई यायच्या आत तुमचा हा प्रोग्राम घरी तयार झाला, तर कपाटंही घरी करा. मी जन्मात बोलणार नाही. नाही झाला, तर दुकानातून दारं येणार, आणि तुम्ही बोलायचं नाही."

काका म्हणाले, मान्य. मला साक्षीदार केलं. दोघांनीही.

दुसऱ्या दिवसापासून घरात जे सुरू झालं त्याला बिल्ड म्हणायचं की बंड, देव जाणे. काकांनी टेबलफॅन उचलून कॉम्प्युटरच्या तोंडाशी लावला, कारण तो तापत होता. काकू वर्तमानपत्राने वारा घेत बसली. बिल्ड चालू असताना त्या मशीनवर कुणी बोट लावायचं नाही, गाणं लावायचं नाही, ताईला व्हिडिओ कॉल करायचा नाही असा हुकूम निघाला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी सरसर वर जायच्या आणि काका लिफ्टच्या खोलीत बसल्यासारखे हनुवटीवर हात ठेवून बघत राहायचे. मग कुठेतरी सगळं थांबायचं आणि लाल अक्षरं यायची.

लाल अक्षरं म्हणजे एरर. पहिल्यांदा कळलं की एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा दुसरा कोड, कमी आहे. ती आणली तर ती म्हणे माझी बहीणही लागेल. बहीण आणली तर ती म्हणे माझ्या नणंदेशिवाय मी पाऊल टाकणार नाही. नणंद आली ती नको तितकी नवी निघाली, तिचं जुन्या मंडळींशी पटेना. काका एरर शेवटून वाचायचे. शेवटची ओळ घेऊन तिच्याशी दिवसभर झटायचे. मी समजावलं, की काका, पहिली एरर तेवढी खरी, बाकीच्या तिच्यामागून रडायला आलेल्या. हे त्यांना एकदम पटलं. लिफ्टचंही असंच असतं, म्हणाले.

पिवळ्या अक्षरांचं मात्र पटेना. पिवळी म्हणजे वॉर्निंग. नुसती सूचना, बिल्ड त्याने थांबत नाही. प्रोग्राम लिहिणारेही तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. हे ऐकून काकांचा चेहरा उतरला. वॉर्निंग आली आणि माणूस पुढे गेला? त्यांच्या धंद्यात असं केलं की कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे लटकतं. ते प्रत्येक पिवळ्या ओळीला चालतं बिल्ड बंद करायचे आणि कारण शोधायचे. अशाने ते पहिल्या पायरीच्या पुढे सरकेनात. शेवटी त्या प्रोग्रामवाल्यांची इंटरनेटवर चर्चेची जागा असते तिथे त्यांनी 'आदरणीय महोदय' असं माझ्याकडून इंग्रजीत घालून घेऊन भलंमोठं पत्र टाकलं. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून एका माणसाने उत्तर दिलं. त्याच्या फोटोत नुसती निळी टोपी दिसायची, म्हणून तो आमच्या घरात टोपीवाला झाला. टोपीवाल्याने एकच ओळ लिहिली होती. सोबतची माहिती वाचलीत का?

वाचली नव्हती. काकांच्या मते सोबतची माहिती हाही तयार मालच.

काकू हे सगळं बघत होती आणि गालात हसत होती. ताईचा फोन आला की मुद्दाम मोठ्याने विचारायची, की नक्की कधी येताय, जरा लवकर नाही का जमणार. काका तिकडून खाकरायचे. तरीपण एक सांगते, काकांनी टोपीवाल्याचं मानलं आणि सोबतची माहिती अथपासून इतिपर्यंत वाचली. इतकंच नाही, सोर्स कोडच्या फायलीही उघडून वाचायला लागले. त्यातलं किती कळत होतं देव जाणे. पण ओठ हलवत वाचायचे, आणि मधूनच 'अच्छा' म्हणायचे.

त्याच दिवसांत त्यांनी एक विचित्र प्रकार केला. काकू ओट्याशी उभी होती. काका मागून म्हणाले, जरा तो वरचा डबा काढ, स्टूल न घेता. ती टाचा उंचावून हात ताणते आहे तोवर हे मागे टेप धरून उभे. काकूने वळून बघितलं आणि तिचा पारा चढला. माझं माप कशाला घेताय, म्हणाली, मलापण घरीच करणार आहात का नव्याने? काकांनी टेप गुंडाळून खिशात घातली आणि बिल्डकडे गेले.

मग एक दिवस काका स्क्रू आणायला बाजारात गेले. स्क्रू आणणं हा त्यांचा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. काकूने मला हाक मारली आणि दार लोटून घेतलं.

"ते ज्याच्यासाठी एवढे झिजतायत, ते तयार मिळतं का गं?"

मिळतं, म्हटलं. फुकट मिळतं. चहा गाळेपर्यंत उतरतं.

"उतरव बघू."

मी उतरवलं. काकूने चहा गाळला, आणि खरोखर तेवढ्यात प्रोग्राम तयार. डेस्कटॉपवर छोट्या घराचं चित्र आलं. काकूने मला त्यावर टिचकी मारायला लावलं, मग स्वतः माउस घेतला, भिंत ओढली, कपाट लावलं, दार उघडून मिटून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. माझं स्वयंपाकघर असं दिसेल? म्हणाली. मी म्हटलं, काकू, आता हे पुसून टाकू या, त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. ती थोडा वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दुकानात गिऱ्हाईक गळाला लागल्यावर येताना बघितलंय.

राहू दे तिथेच, म्हणाली. बघू काय म्हणतात.

आणि नशिबाचा खेळ बघा. दुसऱ्याच दिवशी काकांचं बिल्ड पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलं. लाल काही नाही. पिवळं पुष्कळ, पण काकांनी मन घट्ट केलं होतं. शेवटची ओळ आली, पंखा शांत झाला, आणि काकांनी स्क्रीनवरच्या सगळ्या खिडक्या मिटून बघितलं तर डेस्कटॉपवर छोट्या घराचं चित्र. आता ज्याला हे काम येतं त्याला माहीत असतं, की बिल्ड केलेला प्रोग्राम आपला आपण डेस्कटॉपवर येऊन बसत नाही. तो जिथे बनला तिथेच, बिल्डच्या फोल्डरमध्ये, गपचूप पडून असतो. पण काकांच्या हिशेबी काम झालं की वस्तू समोर दिसायला हवी, आणि वस्तू समोर दिसत होती. त्यांनी तिच्यावर दोनदा टिचकी मारली. प्रोग्राम उघडला. आमचा. दुकानातला म्हणा ना.

काका उठून उभे राहिले. त्यांनी मला वरून बोलावलं, वॉचमनला खालून बोलावलं, आणि काकूला नुसतं खुर्चीकडे हात करून दाखवलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी जीभ चावली. काकूकडे बघितलं. ती अगदी शांत. हरले बाई मी, म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

त्यानंतर जे कौतुक सुरू झालं त्याला तोड नाही. दार उघडताना बघा कसं मऊ उघडतं, तयार प्रोग्राममध्ये हे येत नाही, तिथे झटका बसतो. भिंतीची रेघ बघा, कशी टवटवीत आहे. तयार प्रोग्राम यांनी जन्मात बघितला नव्हता हे सोडा. वॉचमन माना डोलावून थकला. आणि काकू? काकू दर वेळी पदर सावरून अगदी भोळेपणाने विचारायची, "म्हणजे तयार असतं तर एवढं छान झालं नसतं?" की काका पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, छे, कुठलं, तयारचा आणि याचा संबंध काय, हाताला कळतं की. मी तोंडात रुमाल कोंबून वर पळायची.

एकच गोष्ट मला कळत नव्हती. प्रोग्राम चालतोय, शर्त जिंकली, जगाला दाखवून झालं. तरी काका रोज सकाळी पुन्हा बिल्ड करायचेच. साधंसुधं नाही. आधीचं सगळं फोल्डर पुसून टाकायचं आणि पहिल्यापासून गिरणी चालू. मग प्रोग्राम उघडायचा, भिंतीवर वरचं एक कपाट लावायचं, डोळे बारीक करून बघायचं, नाक मुरडायचं, कपाट पुसायचं. परत लावायचं. परत पुसायचं. मग सोर्सच्या कुठल्यातरी फायलीत जाऊन काहीतरी बघायचं, ओठ हलवायचे, आणि पुन्हा गिरणी. मी विचारलं, काका, काय बघताय? काही नाही, म्हणाले, हात बसवतोय. मी माघारी वळल्यावर मशीनला उद्देशून म्हणाले, ऐकत का नाहीस. मला वाटलं, लागली खोड. काकूलाही तेच वाटलं.

ताई आणि जावई आले. पडदा होताच, काकूने त्याला नवी दांडी लावली होती आणि जावयांचं पाणी आधीच टेबलावर भरून ठेवलं होतं. जेवणं झाली. काकांनी हात पुसले आणि सगळ्यांना कॉम्प्युटरपाशी बसवलं. मग कार्यक्रम झाला. भिंती, दारं, मऊ उघडणं, टवटवीत रेघ. जावई सज्जन माणूस, ते म्हणाले, बाबा, कमाल आहे, हे सगळं तुम्ही घरी केलं? काका खुर्चीत मागे रेलले.

"तयार मालात हे मिळेल का सांगा," ते म्हणाले.

"मिळतं," काकू म्हणाली.

ती दारात उभी होती, हात पदराला पुसत. तिने सांगायला सुरुवात केली, आणि शांतपणे, एकही शब्द न खाता सगळं सांगितलं. स्क्रू आणायचा दिवस, गाळलेला चहा, छोट्या घराचं चित्र. हे तुम्ही जे दाखवताय ना, म्हणाली, ते तुमचं नाहीच. ते तयार आहे. इतके दिवस तुम्ही तयारचंच कौतुक करताय, आणि ते मी एकटीने नाही, वॉचमननेही ऐकलंय. हाताला कळतं म्हणालात. कुठं कळलं? तुमचं बिल्ड झालं असेल, ते मी नाकारत नाही. पण आता मला सांगू नका की दुकानातलं दार झटका देतं.

ताईने कपाळाला हात लावला. मी जमिनीकडे बघत होते, कारण पुढचा प्रश्न मलाच येणार हे ठरलेलं.

"खरं?" काकांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

मला वाटलं आता भडकतील, नाहीतर पडतील. दोन्ही झालं नाही. काकांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग एकदम, काय सांगू, उजळला. "म्हणून!" असं ओरडून ते ताडकन खुर्ची फिरवून मशीनकडे वळले. "अगं, म्हणून दिसत नव्हतं. मी म्हणतो माझं चुकतंय कुठं! मग माझं कुठंय? माझं कुठं ठेवलंय याने?"

मी वाकून दाखवलं. बिल्डच्या फोल्डरमध्ये, आतल्या फोल्डरमध्ये, तिथे तो बिचारा रोज नव्याने जन्म घेऊन पडून होता. काकांनी त्याच्यावर दोनदा टिचकी मारली. तीच खिडकी उघडली, अगदी तशीच. घरी केलेला आणि तयार यांत मला तरी तसूभर फरक दिसला नाही. काकांनी भिंत ओढली. खाली ओटा लावला. मग यादीतून वरचं कपाट उचललं आणि भिंतीवर सोडलं.

तयार प्रोग्राममध्ये ते कपाट जिथे जाऊन बसायचं, त्याच्या पुष्कळ खाली ते बसलं. आपण होऊन. काकांनी हातसुद्धा लावला नाही.

"बसलं," काका म्हणाले. अगदी हळू.

जावई पुढे झुकले. बाबा, म्हणाले, हे फार खाली आलंय, जगात वरची कपाटं इतकी खाली कुणी लावत नाही, माझं डोकं आपटेल.

"तुमचं आपटू दे," काका म्हणाले. "तुम्ही वर्षातून एकदा येता. ही रोज तिथे उभी असते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेप. टाचा उंचावून डबा काढायला लावणं. हा माणूस त्या सोर्सच्या जंगलात शिरला होता तो एकच आकडा शोधायला. वरचं कपाट जमिनीपासून किती उंच, तो आकडा. कुणीतरी कुठेतरी बसून सगळ्या जगासाठी ठरवलेला. तो यांनी खोडला होता आणि त्या जागी काकूचा हात पोचतो ती उंची लिहिली होती. रोज सकाळी बिल्ड करून बघायचे, की कपाट खाली येतं का. येणार कुठून? बदललेला प्रोग्राम फोल्डरमध्ये बसलेला आणि हे रोज आमचाच उघडून बघणार. आणि मला विचारायची सोय नाही, कारण मी ते काकूला सांगितलं असतं. सांगितलंच असतं. मला भरून आलं, आणि मला भरून आलं की राग येतो. मी म्हणाले, काका, एवढं होतं तर बोलायचं नाही का? त्यांनी माझ्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

ते काकूकडे बघत होते. काकू कॉम्प्युटरजवळ आली. तिने चष्मा नाकावर नीट केला, आणि त्या कपाटाच्या चित्राकडे बघत बघत उजवा हात वर केला, डबा काढताना करते तसा. टाचा उचलल्या नाहीत. हात तसाच थोडा वेळ हवेत ठेवला. ताई म्हणाली, आई. काकूने तिला गप्प केलं.

"दारं दुकानातलीच येणार," ती शेवटी म्हणाली. शर्त खरं तर काकाच जिंकले होते, पण तयारचं एवढं कौतुक करून बसल्यावर ते कुठल्या तोंडाने बोलणार. "उंची मात्र ही."

काका म्हणाले, मान्य. मग जरा थांबून म्हणाले, की बिजागऱ्या तेवढ्या मी घरी केल्या तर. काकूने नुसतं 'अहो' म्हटलं. काका म्हणाले, बरं.

कपाटं बसवायला दुकानाचा फिटर आला त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढली. त्याने भिंत बघितली, काकूने सांगितलेली खूण बघितली, आणि मान हलवली. बाई, हे चुकलंय, म्हणाला. वरचं कपाट इतकं खाली नसतं. आमचं ठरलेलं माप आहे, सगळीकडे तेच लावतो, उद्या माझं नाव खराब व्हायचं. त्याने आपली टेप काढली आणि वरती, पुष्कळ वरती, दुसरी खूण करायला निघाला. खूण करायला वर चढायचं म्हणून त्याने इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातलं काकूचं स्टूल ओढलं.

"त्याची गरज नाही," काकू म्हणाली. "उंची सांगितली तीच लावा."

"पण बाई, हे माप आणलं कुठून तुम्ही?"

"आमच्या सोर्समध्येच तसं आहे," काकू म्हणाली.

फिटरने माझ्याकडे बघितलं. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. मग त्याने मुकाट्याने खालच्या खुणेवर ड्रिल लावलं. आतल्या खोलीत काका 'बिल्ड चालू आहे, कुणी येऊ नका' असं सांगून दार लावून बसले होते, पण आतून टेबलफॅनचा आवाज येत नव्हता. म्हणजे बिल्ड नव्हतंच, कान इकडे ड्रिलकडे लागले असणार.